नाव नसलेली साथ : दिल्ली १९५५ आणि पाण्यातून येणारी कावीळ

कावीळ झालेल्याला सारे जग पिवळे दिसते, असे आपण म्हणतो. ही म्हण पूर्वग्रहाविषयी आहे, रोगाविषयी नाही, हे उघडच आहे. प्रत्यक्षात रोग्याला जग पिवळे दिसत नाही, जगाला रोगी पिवळा दिसतो. म्हणीने रोग्यावर ठेवलेला हा आरोप काही वेळा पाहणाऱ्यावर ठेवावा लागतो. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात काविळीची जी प्रचंड साथ आली, तिचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. रोग्यांची मोजदाद झाली, पाण्याचा माग लागला, अहवाल छापला गेला. आणि तरीही जवळजवळ पंचवीस वर्षे ही साथ दुसऱ्याच रोगाच्या नावावर जमा होती. आज त्या रोगाला आपण हिपॅटायटिस ई म्हणतो. त्याच्या प्रसाराची कथा ही जशी पाण्याची आणि मैल्याची कथा आहे, तशीच ती वाचनाची आणि चुकीच्या वाचनाचीही आहे. साहित्याच्या अभ्यासकांपुढे ती ठेवण्याचे धाडस म्हणूनच करीत आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे. 'कावीळ' हा शब्द संस्कृत 'कामला'शी नाते सांगतो, आणि तो लक्षणाचे नाव आहे, कारणाचे नव्हे. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अन्नावरची वासना उडणे एवढे दिसले की कावीळ. ती पित्तमार्गातील खड्याने झाली, दारूने झाली की विषाणूने, हा भेद या शब्दाला ठाऊक नाही. आपल्याकडे काविळीवर माळ घालतात, ती 'उतरवतात', तेल-हळद बंद करून उसाचा रस पाजतात. या उपायांची ख्याती टिकून राहिली, कारण विषाणूमुळे होणारी बहुतेक कावीळ काही आठवड्यांत आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. ज्यांची बरी होत नाही त्यांची गणती कुणी ठेवत नाही. हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे, कारण पुढील सर्व कथा तेथेच येऊन पोहोचणार आहे.

वैद्यकाकडे 'कावीळ' या एका शब्दाऐवजी विसाव्या शतकाच्या मध्याला दोन शब्द होते. ब्रिटिश संशोधक मॅक्कॅलम यांनी १९४७ मध्ये यकृतदाहाचे 'ए' आणि 'बी' असे दोन वर्ग सुचवले होते. तोंडावाटे, दूषित अन्नपाण्यातून पसरतो तो पहिला, म्हणजे 'सांसर्गिक'. रक्तावाटे, सुईवाटे पसरतो तो दुसरा. दोन्हींचे विषाणू अद्याप कुणी पाहिले नव्हते. तरीही ही विभागणी इतकी सुटसुटीत होती की नवी साथ आली की ती या दोन कप्प्यांपैकी एकात ठेवणे एवढेच काम उरले. पाण्यातून आली आहे ना? मग ती 'ए'च.

आता दिल्लीकडे येऊ. शहराला यमुनेचे पाणी वझिराबाद येथील उपसा केंद्रातून मिळे. त्या जागेच्या थोडे खाली शहराचे सांडपाणी वाहून आणणारा नजफगढ नाला नदीला मिळतो. उपसा वर आणि नाला खाली, ही रचना नदी आपल्या वळणाने वाहत असेतो सुरक्षित होती. १९५५ च्या पावसाळ्याअखेर यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरला तेव्हा नदीचा प्रवाह उपसा केंद्रापासून दूर सरकला होता, आणि नोव्हेंबरमध्ये काही दिवस नाल्यातील मैलापाणी उलटे चढून थेट उपशाच्या तोंडाशी आले. जलकेंद्रातील कर्मचाऱ्यांच्या ही गोष्ट लक्षात आली. त्यांनी तुरटीचे आणि क्लोरीनचे प्रमाण वाढवले, आणि जंतूंच्या दृष्टीने ते बऱ्याच अंशी यशस्वीही झाले. विषमज्वर आणि हगवण यांची साथ त्या हिवाळ्यात दिल्लीत उसळली नाही.

उसळली ती कावीळ. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ या काळात सुमारे २९,३०० लोकांना उघड दिसणारी कावीळ झाल्याचा अंदाज करण्यात आला. हे स्वतंत्र देशाच्या राजधानीत घडले होते आणि तेही नळाच्या, शुद्ध केलेल्या पाण्यातून. विहिरी आणि ओढे यांच्याशी जोडली गेलेली 'अस्वच्छ पाणी' ही कल्पना येथे अपुरी पडली. जंतू मारण्यास पुरेसे ठरलेले क्लोरीन विषाणूला पुरले नव्हते. मैल्याने भरलेल्या गढूळ पाण्यात क्लोरीनचा बराचसा भाग मैल्याशी झुंजण्यातच खर्च होतो, आणि विषाणू जंतूंपेक्षा कितीतरी लहान असतो. पाणी स्वच्छ आहे की नाही हे जंतूंवरून ठरवायचे, हा त्या काळचा सर्वमान्य निकष. त्या निकषावर जवळजवळ उत्तीर्ण झालेले पाणी हजारो घरांत रोग घेऊन गेले.

या साथीचा अभ्यास डॉ. आर. विश्वनाथन यांनी केला. छातीच्या विकारांचे तज्ज्ञ आणि दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे संचालक म्हणून ते ओळखले जातात. 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'च्या १९५७ मधील पुरवणीत हा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजही जलजन्य साथींच्या इतिहासात त्याचा उल्लेख टाळता येत नाही. शीर्षकातच 'सांसर्गिक यकृतदाह' हे नाव होते. म्हणजे निदान आधी ठरले होते, तपशील नंतर आले. पण तपशील प्रामाणिकपणे आले, हे त्या अभ्यासाचे मोठेपण.

त्या तपशिलांत तीन गोष्टी शीर्षकाशी भांडत होत्या. पहिली, काविळीचे रोगी बहुतांशी तरुण आणि प्रौढ होते, मुले त्या मानाने फार कमी. दुसरी, घरात एकाला रोग झाला म्हणून तो इतरांना होत गेला, अशी साखळी फारशी दिसत नव्हती. नोव्हेंबरमधील त्या काही दिवसांत जे पाणी प्यायले ते आजारी पडले, आणि साथ आली तशी ओसरली. तिसरी, गरोदर स्त्रियांमध्ये रोगाचे स्वरूप अधिक उग्र होते आणि मृत्यू अधिक होते. गरोदरपणातील काविळीवर त्याच पुरवणीत स्वतंत्र लेख आहे.

यातील प्रत्येक गोष्टीला प्रचलित चौकटीत उत्तर होते. मुलांना रोग होतो, पण डोळे पिवळे न होता सौम्य रूपात होतो, म्हणून तो दिसत नाही. गरोदर स्त्रीचे शरीर आधीच थकलेले, आहार अपुरा, म्हणून ती दगावते. ही उत्तरे मूर्खपणाची नव्हती. मुलांविषयीचे म्हणणे तर हिपॅटायटिस ए बाबत आजही खरे आहे. अडचण एवढीच की प्रत्येक उत्तर सुटे होते. तिन्ही विसंगती एकत्र ठेवून 'हे भलतेच काही तर नसेल?' असा प्रश्न विचारण्यासाठी जे साधन लागते ते तेव्हा अस्तित्वात नव्हते.

ते साधन सत्तरच्या दशकात आले. १९७३ मध्ये अमेरिकेत फाइनस्टोन, कपिकियन आणि परसेल यांना हिपॅटायटिस ए चा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला, आणि काही वर्षांत रक्तातील प्रतिपिंडे तपासून हा विषाणू शरीरात केव्हा येऊन गेला हे सांगता येऊ लागले. येथे भारतीय शहरांविषयी एक विलक्षण गोष्ट उघड झाली. आपल्याकडे तेव्हा बहुतेक सर्वांना हिपॅटायटिस ए बालपणीच होऊन जात असे. तो बहुधा कळतही नाही आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती देऊन जातो. मग प्रौढ दिल्लीकरांना तो १९५५ मध्ये पुन्हा कसा होणार?

उत्तर जपून ठेवलेल्या रक्तात होते. दिल्लीच्या साथीतील रक्तद्रवाचे काही नमुने टिकले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून ते तपासले. त्यांच्यासोबत अहमदाबाद आणि पुणे येथील नंतरच्या साथींचे नमुनेही होते. १९८० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : या साथी ना 'ए' च्या होत्या, ना 'बी' च्या. दिल्लीच्या मूळ अहवालाचे शीर्षक पंचवीस वर्षांनी खोडले गेले. ते खोडणारा पुरावा मात्र त्या अहवालाच्या काळातच गोळा झालेला होता.

त्याच सुमारास काश्मीरमध्ये एक तरुण वैद्य याच निष्कर्षाकडे दुसऱ्या वाटेने येत होता. १९७८ च्या हिवाळ्यात काश्मीर खोऱ्यातील खेड्यांमध्ये काविळीची मोठी साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावोगाव जाऊन तिचा अभ्यास केला आणि १९८० मध्ये हा मानवी यकृतदाहाचा नवाच विषाणू असावा, असा तर्क मांडला. त्यांच्या पुढच्या लेखातील एक छोटा आकडा मला या सर्व वाङ्मयात सर्वांत बोलका वाटतो. पाहणीतील २०८ गरोदर स्त्रियांपैकी ३६ जणींना कावीळ झाली, आणि त्या ३६ पैकी ८ जणींचे यकृत झपाट्याने निकामी होत गेले. त्याच गावांतील, तेच पाणी पिणाऱ्या गरोदर नसलेल्या स्त्रियांत असा एकही प्रसंग नोंदला गेला नाही. दिल्लीच्या पुरवणीत जे 'अधिक उग्र स्वरूप' म्हणून आले होते, ते येथे रोगाची ओळख बनले. या स्त्रियांचे मृत्यू अपवाद नव्हते. रोग ओळखण्याची खूणच त्यांत होती.

नाव मात्र अजून नव्हते. या रोगाला 'आतड्यावाटे पसरणारा ना-ए ना-बी यकृतदाह' असे लांबलचक नाव पडले. आपल्या परंपरेतील 'नेति नेति'ची आठवण व्हावी असे हे नामकरण, काय नाही एवढेच सांगणारे. १९८३ मध्ये रशियन विषाणुशास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी, अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैनिकांमध्ये पसरलेल्या अशाच काविळीचा छडा लावण्यासाठी, नऊ रोग्यांच्या विष्ठेचा अर्क स्वतःच प्राशन केला. हिपॅटायटिस ए ची प्रतिपिंडे त्यांच्या रक्तात आधीच होती, त्यामुळे त्यांना होणारी कावीळ 'ए' ची नसणार हे निश्चित होते. छत्तिसाव्या दिवशी ते आजारी पडले, आणि त्यांच्या विष्ठेत विषाणूचे कण दिसले. १९९० मध्ये विषाणूच्या जनुकीय द्रव्याचा छडा लागला आणि 'हिपॅटायटिस ई' हे नाव रूढ झाले. दिल्लीची साथ 'ई' चीच होती, हे आता सर्वमान्य आहे.

बालायान यांच्या प्रयोगातील तो छत्तिसावा दिवस या रोगाच्या प्रसाराची किल्ली आहे. पटकी काही तासांत किंवा फार तर काही दिवसांत प्रकट होते; म्हणून लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांना रोगी आणि पंप एकाच नकाशावर मांडता आले. हिपॅटायटिस ई ला पाच-सहा आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. जोपर्यंत डोळे पिवळे होतात, तोपर्यंत ते पाणी समुद्राला मिळालेले असते. फुटलेली वाहिनी जोडली गेलेली असते, नळाला स्वच्छ पाणी येत असते, नमुना तपासला तर निर्दोष निघतो. पुरावा वाहून गेल्यावर गुन्हा उघडकीस येतो. मग दोष कुणाला द्यायचा? बहुधा रोग्यालाच : उघड्यावरचे खाल्ले असेल, पाणी उकळले नसेल, हात धुतले नसतील. दिल्लीत हे झाले नाही, कारण मैला कोणत्या दिवसांत उलटा चढला हे जलकेंद्राला ठाऊक होते. सामान्यतः अशी नोंद नसते.

नोंद नसते, कारण कारण फार सामान्य असते. आपल्या बहुसंख्य शहरांत पाणी दिवसातून काही तास येते. पाण्याची वाहिनी आणि गटार एकाच गल्लीत, बहुधा शेजारी-शेजारी, गेलेली असतात. पाणी सुरू असताना वाहिनीत दाब असतो, आणि गळतीतून पाणी बाहेर जाते. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होते, आणि त्याच भेगेतून बाहेरचे आत शिरते. दुसऱ्या सकाळी पहिले गढूळ पाणी येते, ते 'सोडून द्यायचे' हे प्रत्येक गृहिणीला माहीत असते. पाणीपुरवठा खात्याला कागदोपत्री ते माहीत नसते. १९८१ मध्ये कोल्हापूर शहरात आलेल्या जलजन्य काविळीच्या साथीचा अभ्यास शास्त्रीय नियतकालिकात नोंदला गेला आहे. २०१२ मध्ये इचलकरंजीत पुन्हा हिपॅटायटिस ई ची साथ आली. दोन्ही गावे पंचगंगेच्या काठची, तीस वर्षांच्या अंतराने. गंगाकाठच्या कानपुरात १९९१ च्या साथीत सुमारे ७९,००० लोकांना रोग झाल्याचा अंदाज आहे. चीनच्या शिनज्यांग प्रांतात १९८६ ते १९८८ या काळात ही संख्या एक लाखाच्या वर गेली.

गेल्या दोन-अडीच दशकांत या रोगाने आणखी एक ठिकाण धरले आहे, ते म्हणजे निर्वासितांच्या छावण्या. २००४ मध्ये सुदानच्या दारफूर भागात, २००७ नंतर उत्तर युगांडात, २०१२ नंतर दक्षिण सुदानात. हजारो माणसे अचानक एका मैदानावर येतात. शौचकूप अपुरे, पाणी मोजके, तेही भांड्यात साठवलेले. तेथे पाण्याबरोबरच घरातल्या घरात, हातांवाटे होणारा प्रसारही अभ्यासकांनी नोंदला आहे. दिल्लीत जे नदीच्या पुराने केले ते तेथे युद्धाने केले.

याला 'विकसनशील देशांचा रोग' म्हणण्याची पद्धत आहे, आणि तीही थोडी तपासून घ्यावी. १९९७ मध्ये अमेरिकेतील डुकरांमध्ये याच जातीचा विषाणू सापडला, आणि नंतर युरोप व जपान येथे अर्धवट शिजलेल्या डुकराच्या वा हरणाच्या मांसातून माणसांना होणारा हिपॅटायटिस ई लक्षात आला. या विषाणूचे प्रकार वेगवेगळे आहेत : पाण्यातून साथ आणणारे पहिला आणि दुसरा, प्राण्यांकडून येणारे प्रामुख्याने तिसरा आणि चौथा. म्हणजे रोग दोन्ही जगांत आहे. साथ मात्र एकाच जगात आहे. फरक माणसांच्या सवयींचा किंवा संस्कृतीचा नसून जमिनीखालच्या नळांचा आहे.

आणि तरीही ज्यांच्यामुळे हा रोग ओळखला गेला, त्यांच्यापर्यंत उपाय पोहोचण्यास सर्वाधिक उशीर झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हा रोग झालेल्या स्त्रियांपैकी २० ते २५ टक्के स्त्रिया दगावू शकतात. असे का होते, याचे पूर्ण उत्तर अजूनही नाही. नेपाळच्या सैनिकांवर तपासलेली एक लस ९५ टक्क्यांच्या आसपास परिणामकारक ठरल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले, पण ती बाजारात आलीच नाही. चीनमध्ये विकसित झालेल्या दुसऱ्या लशीला २०११ मध्ये तेथे परवाना मिळाला. साथीच्या काळात तिचा विचार व्हावा असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटले. प्रत्यक्ष साथीत ती प्रथम वापरली गेली २०२२ मध्ये, दक्षिण सुदानातील बेंटिऊच्या छावणीत. तेथे गरोदर स्त्रियांनाही ती देण्यात आली. परवान्यापासून पहिल्या छावणीपर्यंत दहा वर्षे. गरोदर स्त्रियांवर नवी लस तपासण्यास कुणी सहजी धजावत नाही, आणि ती सावधगिरी समजण्यासारखी आहे; पण तिचा परिणाम असा की जिला लस सर्वाधिक हवी, तिच्याविषयीच सर्वांत कमी माहिती जमते.

साहित्याच्या वर्गात आपण शिकवतो की संहितेचा अर्थ एकदाच ठरत नाही, नव्या प्रश्नासह वाचणाऱ्याला तीच संहिता नवे काही सांगते. दिल्लीच्या साथीच्या कागदपत्रांबाबत हे अगदी शब्दशः घडले. पण त्या पुनर्वाचनाला एक पूर्वअट होती, आणि ती आपण विसरू नये. निदान चुकले असतानाही अभ्यासकांनी आपल्या निदानात न बसणारे तपशील गाळले नाहीत. मुले कमी होती हे लिहिले. गरोदर स्त्रिया अधिक मरत होत्या हे लिहिले. विषमज्वर वाढला नाही हे लिहिले. रक्ताचे नमुने जपले गेले. चूक दुरुस्त होऊ शकली ती या लिहिण्यामुळे आणि जपण्यामुळे.

ज्या गावांत साथ आली आणि कुणी लिहिले नाही, तेथे पुन्हा वाचायला काहीच नाही. तेथील मृत स्त्री 'बाळंतपणात गेली' किंवा 'काविळीने गेली' एवढीच स्मरणात राहते. दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि दोन्ही वाक्यांत त्या पाण्याचा उल्लेख नाही.